गाडी थांबवा, इंजीन बंद करा : पूर्व आफ्रिकेच्या सफारीविषयी वाचकांचे प्रश्न

केनिया आणि टांझानिया येथील सफारीला निघालेल्या, तसेच नुकत्याच जाऊन आलेल्या वाचकांच्या पत्रांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. ज्या प्रश्नाविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे होते, त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : मुलांच्या शाळेमुळे आम्हांला मे महिना आणि दिवाळीची सुट्टी एवढ्याच वेळा मोकळ्या मिळतात. प्राण्यांचे प्रसिद्ध स्थलांतर यांपैकी केव्हा पाहता येईल? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : स्थलांतराला जत्रेसारखी ठरलेली तिथी नसते. सुमारे १३ लाख विल्डबीस्ट (गुरांसारखे दिसणारे मोठे कुरंग) आणि त्यांच्या सोबतीने काही लाख झेब्रे व गॅझेल (चिंकाऱ्यासारखी लहान हरणे) असा हा जथा टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मसाई मारा यांच्यामध्ये वर्षभर गोल फिरत असतो. पाऊस जिकडे पडेल आणि कोवळे गवत जिकडे उगवेल, तिकडे तो सरकतो. म्हणून आपण ज्या महिन्यात जाणार आहात त्या महिन्यात कळप साधारण कोठे असतात, हे विचारून मुक्कामाची जागा ठरवावी.

जानेवारी ते मार्च या काळात कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्डुटूच्या आसपासच्या आखूड गवताच्या माळावर असतात. तेथील जमीन जवळच्या ज्वालामुखींच्या राखेची आहे. त्या गवतातून कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर मिळतो आणि अंगावर पाजणाऱ्या माद्यांना तोच हवा असतो. फेब्रुवारीच्या सुमारास दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत बहुतेक माद्या वितात, आणि नुकते जन्मलेले वासरू काही मिनिटांतच आपल्या पायांवर उभे राहते. पुढे पाऊस सरत आला की कळप वायव्येकडे निघतात, जूनच्या सुमारास ग्रुमेटी नदीपाशी येतात, जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या दोन्ही तीरांवर राहतात आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा दक्षिणेची वाट धरतात.

दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर माराला जावे. कळप दिसण्याची आशा चांगली असते. ती नोव्हेंबरात गेली तर तिकडच्या छोट्या पावसाळ्याची सुरुवात झालेली असते आणि कळप बहुधा पांगलेले असतात. सिंह, हत्ती, जिराफ, पाणघोडे, तरस हे मात्र तेथेच राहणारे प्राणी असून ते बाराही महिने दिसतात. मार्च ते मे हा तिकडचा मोठा पावसाळा. माराची माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीच्या जमिनीसारखी काळी आणि चिकट आहे. पावसानंतर त्या रस्त्यांवर चाक रुतणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तरीही मे महिन्यातच जाणे भाग असेल तर महिन्याचा उत्तरार्ध निवडावा आणि टांझानियातील गोरोंगोरो व सेरेंगेटीचा मध्यभाग पाहावा. गोरोंगोरो हे प्राचीन ज्वालामुखीचे खचलेले विवर आहे. सुमारे ६०० मीटर उंचीच्या कड्यांनी वेढलेल्या त्याच्या २६० चौरस किलोमीटरांच्या तळावर सिंह, तरस, रानम्हशी आणि मोजके काळे गेंडे वर्षभर असतात. शिवाय मे महिन्यात गर्दी कमी असते. मसाई मारातही परदेशी पर्यटकांसाठी प्रवेशशुल्क जानेवारी ते जून दिवसाला माणशी १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असे २०२४ पासून आहे. निघण्यापूर्वी त्या वेळचा दर अवश्य विचारून घ्यावा.

प्रश्न : एका प्रवासी कंपनीने आठ दिवसांत सहा उद्याने दाखवण्याचा कार्यक्रम दिला आहे. त्यात मारा, नाकुरू, अंबोसेली, त्सावो असे सर्व काही आहे. हा कार्यक्रम चांगला म्हणावा का? (पुणे)

उत्तर : कागदावर भरगच्च दिसणारा हा कार्यक्रम मी कोणालाही सुचवणार नाही. नैरोबीहून माराला गाडीने पाच ते सहा तास लागतात, अंबोसेलीला चार तास लागतात, आणि एका उद्यानातून दुसऱ्या उद्यानात जाताना बहुतेक वेळा पुन्हा महामार्गावर येऊन मोठा वळसा घ्यावा लागतो. शिकारी प्राण्यांची हालचाल पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर होते. मधल्या वेळी सिंह झाडाखाली झोपलेला असतो आणि तो तसाच झोपून राहणार असतो. रोज नवे उद्यान गाठायचे म्हटले की रोजची पहाट सामान बांधण्यात आणि न्याहारी उरकण्यात जाते. म्हणजे ज्या दोन-अडीच तासांसाठी आपण समुद्र ओलांडून गेलो, तेच हातचे निसटतात.

आठ दिवसांत दोन ठिकाणे निवडावीत आणि प्रत्येक ठिकाणी किमान तीन रात्री राहावे. मारा आणि अंबोसेली ही जोडी चांगली आहे, कारण दोन्हींचे स्वरूप अगदी वेगळे आहे. तीन दिवस सकाळी एकाच परिसरात फिरल्यावर एखादा सिंहांचा कळप ओळखीचा होतो. काल भरल्या पोटी पडलेली सिंहीण आज उठून कोठे गेली, हे आपण स्वतः शोधू लागतो. परतीच्या दिवशी विमान रात्रीचे असेल तर नैरोबी राष्ट्रीय उद्यान पाहून घ्यावे. १९४६ मध्ये स्थापन झालेले हे केनियाचे पहिले राष्ट्रीय उद्यान अवघ्या ११७ चौरस किलोमीटरांचे आहे, पण शहराला लागून असूनही तेथे सिंह आणि गेंडे आहेत.

आणखी एक सूचना. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटून दिसतात, म्हणून एकातून दुसऱ्यात सहज जाता येईल असे वाटते. प्राण्यांना तशी मुभा आहे, पर्यटकांना नाही. इसेबानियाच्या सीमानाक्यावरून फेरा घालावा लागतो आणि त्यात जवळजवळ अख्खा दिवस जातो.

प्रश्न : मारा नदी ओलांडणारे कळप दिसतीलच अशी खात्री आमचा आयोजक देतो. ती कितपत खरी मानावी? (कोल्हापूर)

उत्तर : अशी खात्री कोणालाच देता येत नाही. कळप तीरावर येतो, हजारो प्राणी एकमेकांना रेटत काठाशी गोळा होतात, पुढचे पाण्याकडे मान खाली घालून उभे राहतात, आणि तीन तासांनी काही दिसणारे कारण नसताना सगळे मागे फिरतात. कधी पहिला उतरला की मागून लोंढा सुटतो आणि अर्ध्या तासात सर्व आटोपते. मी स्वतः एकदा सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत काठावर थांबलो होतो. कळप चार वेळा पाण्याशी आला आणि चारही वेळा परतला. तो दिवस वाया गेला असे मला आजही वाटत नाही, कारण भीती आणि ओढ यांच्यामधली ती ओढाताण इतक्या जवळून मी दुसरीकडे कोठेही पाहिलेली नाही.

काठावर गाडी कोठे उभी असते यालाही महत्त्व आहे. कळप ज्या वाटेने पाण्याकडे उतरतो ती वाट अडवून गाड्या उभ्या राहिल्या तर प्राणी बिचकतात, किंवा चढण अवघड असलेल्या जागी उड्या घेतात. नदीत बुडून मरणाऱ्या विल्डबीस्टची संख्या वर्षाला सरासरी ६,२५० असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्या मांसावर मगरी, गिधाडे, मराबू करकोचे आणि मासे जगतात, आणि हाडांतला फॉस्फरस पुढे कित्येक वर्षे नदीला मिळत राहतो; म्हणून हे मरण नदीच्या जगण्याचा भाग आहे. आपल्या गाडीमुळे त्यात भर पडू नये, एवढी काळजी मात्र आपणच घ्यायची आहे.

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही माराला गेलो होतो. चित्त्याची मादी आणि तिची पिल्ले दिसल्याबरोबर बिनतारी संदेशावरून बातमी पसरली आणि वीसेक गाड्यांनी तिला वेढले. आमच्या चालकानेही रस्ता सोडून गाडी अगदी तिच्यापाशी नेली. छायाचित्रे उत्तम आली, पण मन खात राहिले. अशा वेळी पैसे भरून आलेल्या पर्यटकाने काय करावे? (ठाणे)

उत्तर : आपल्या पत्रातला हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, आणि मन खाल्ले हे आपण मोकळेपणाने लिहिलेत म्हणून आपले आभार मानतो. मीही त्या वेढ्यात बसलेलो आहे. पहिल्याच सफारीत, सकाळी आठच्या सुमारास, एका वारुळावर चित्त्याची मादी बसली होती. तिच्या डोळ्यांपासून ओठांपर्यंत उतरलेली काळी रेघ दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होती. मानेवर राखाडी लव असलेली तिची तीन पिल्ले वारुळाच्या सावलीत एकमेकांची शेपटी धरत होती. दोनशे पावलांवर थॉमसन गॅझेलचा छोटा कळप चरत होता आणि तिची नजर त्यांतल्या एका मादीवर खिळली होती. ती वारुळावरून उतरली, डोके खांद्यांच्या खाली घेऊन गवतातून पुढे सरकू लागली, आणि तेवढ्यात तीन बाजूंनी गाड्या आल्या. एक गाडी तिच्या आणि गॅझेलच्या बरोबर मध्ये उभी राहिली. गॅझेलनी माना वर केल्या आणि कळप निघून गेला. ती तेथेच बसली. मग तिने पक्ष्याच्या चिवचिवीसारखा बारीक आवाज काढून पिल्लांना बोलावले आणि ऊन चढलेल्या उघड्या माळावरून ती त्यांना घेऊन दूर जाऊ लागली. चार-पाच गाड्या तिच्या मागे गेल्या. त्यांत आमचीही होती. मी चालकाला थांबायला सांगितले नाही, आणि त्या सकाळी ती उपाशी राहिली त्यात माझाही वाटा होता.

चित्त्याच्या बाबतीत हे इतके गंभीर का, ते नीट समजून घेतले पाहिजे. सिंह आणि तरस प्रामुख्याने रात्री शिकार करतात. चित्ता अंगाने हलका असल्याने त्यांच्याशी भांडू शकत नाही. त्यांना टाळण्यासाठी तो दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमका पर्यटकांच्या वेळेत. त्याची धाव वेगवान असली तरी ती काहीशे मीटरांत संपते. एक धाव फुकट गेली की दम भरून यायला वेळ लागतो. मारलेले सावज सिंह किंवा तरस हिसकावून नेतात, आणि गाड्यांचा घोळका दुरून पाहून त्यांना तेथे काहीतरी असल्याचे कळते. मसाई मारातील चित्त्यांच्या माद्यांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात दर वेताला सरासरी २.३ पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत वाढली. जास्त वर्दळीच्या भागात हा आकडा ०.२ होता. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर तेथे पाच वेतांमागे जेमतेम एक पिल्लू मोठे झाले. मी हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मला वारुळाच्या सावलीतली ती तीन पिल्ले आठवली.

नियम आहेत. मारात एका प्राण्यापाशी एका वेळी पाचच गाड्या असाव्यात, इतर गाड्या वाट पाहत असतील तर दहा मिनिटांत जागा मोकळी करावी आणि रस्ता सोडू नये, असे सांगितलेले आहे. मारा नदीच्या पश्चिमेकडील मारा त्रिकोण नावाच्या भागात त्यांची अंमलबजावणी अधिक काटेकोर होते. परंतु चालकावर दुहेरी दडपण असते. पाहुणे जवळून छायाचित्र मागतात, त्यावर बक्षिसी अवलंबून असते, आणि न नेल्यास मालकाकडे तक्रार जाते. म्हणून त्याला दोष देण्यापूर्वी आपण स्वतः बोलले पाहिजे, आणि तेही प्राणी समोर आल्यावर नव्हे, पहिल्याच संध्याकाळी. त्याला शांतपणे सांगावे की आम्हांला जवळ जायचे नाही. गर्दी असेल तेथे थांबायचे नाही. प्राणी दिसला की लांब गाडी उभी करून इंजीन बंद करावे. आणि आमची बक्षिसी किती प्राणी दिसले यावर ठरणार नाही. अनुभवी चालकांचा चेहरा हे ऐकल्यावर खुलतो, असे मी पाहिले आहे, कारण त्यांतल्या अनेकांचे या प्राण्यांवर आपल्यापेक्षा जास्त प्रेम असते.

त्याच्याशी बोलताना भाषेचाही आधार मिळतो. स्वाहिलीत गाडीला ‘गारी’ म्हणतात. तो शब्द हिंदुस्थानातूनच तिकडे गेला. आणि ‘थांब, वाट पाहा’ यासाठी त्यांचा शब्द ‘सुबिरी’ असा आहे. तो ज्या अरबी मुळातून आला, त्याच मुळातून आपल्या बोलण्यात ‘सबुरी’ आली. आपण ‘सुबिरी’ म्हटले की चालक हसतो आणि गाडी थांबते.

शक्य असल्यास माराच्या राखीव क्षेत्रालगतच्या एखाद्या संरक्षित गवताळ क्षेत्रात मुक्काम करावा. नाबोइशो आणि ओलारे मोतोरोगी ही त्यांतली दोन. तेथील जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची असून ती त्यांनी भाड्याने दिलेली आहे, तंबूंची संख्या मर्यादित आहे आणि एका प्राण्यापाशी मोजक्याच गाड्या असतात. खर्च अधिक येतो हे खरे. पण मुक्कामाच्या रात्री कमी करूनही तेथे राहावे, असे माझे मत आहे, कारण तो पैसा जमीनमालकांपर्यंत पोहोचतो आणि माळावर कुंपणे पडण्याऐवजी माळ मोकळा राहतो.

प्रश्न : तरसांनी विल्डबीस्टचे वासरू मारताना पाहून माझी नऊ वर्षांची मुलगी रडू लागली. चालकाने हॉर्न वाजवून ते वाचवले असते तर काय बिघडले असते? तिला काय सांगावे? (सोलापूर)

उत्तर : तिच्या रडण्यात चूक काहीच नाही; तिला रडू द्यावे आणि नंतर तिच्याशी बोलावे. हॉर्न वाजवणे नियमाविरुद्ध आहे, पण तेवढेच कारण तिला पुरणार नाही. त्या तरसाच्या बिळातही काळ्या लवेची पिल्ले दुधाची वाट पाहत असतात, आणि आई उपाशी राहिली तर दूध आटते, हे तिला सांगावे.

तरसाविषयी आपल्या मनात जी किळस आहे ती बऱ्याच अंशी अज्ञानातून आलेली आहे. १९६० च्या दशकात हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने गोरोंगोरो आणि सेरेंगेटीत रात्री जागून तरसांचा अभ्यास केला, तेव्हा ते आपले बरेचसे अन्न स्वतः शिकार करून मिळवतात असे दिसले. गोरोंगोरोत तर अनेकदा शिकार तरसांनी केलेली असे आणि सकाळी पर्यटकांना तिच्यावर बसलेला सिंह दिसे. तरस बाजूला ताटकळत असल्याने तेच उष्टे खाणारे वाटत. त्यांच्या कळपात सत्ता माद्यांची असते, हेही मुलीला आवडेल.

शिकारी प्राण्यांमुळे विल्डबीस्ट संपतील अशी भीती बाळगू नये. त्यांना खरा तडाखा बसला होता तो बुळकांडीचा. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेला हा गुरांचा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत पसरला आणि पाळीव गुरांबरोबर रानातले प्राणीही त्याने मारले. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी सेरेंगेटीत सुमारे अडीच लाख विल्डबीस्ट होते. आसपासच्या गुरांना लस टोचल्यावर रोग हटला आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तीच संख्या १३ लाखांवर गेली. सिंह आणि तरस तेव्हाही होतेच.

प्रश्न : आफ्रिकेतला हत्ती आपल्या हत्तीपेक्षा वेगळा कसा ओळखावा? (इयत्ता आठवीतील एक विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : कान पाहा. त्याचे कान खूप मोठे असतात आणि खांदा झाकतात. पाठ मध्ये खोलगट असते. आपल्या हत्तीची पाठ वर फुगीर असते. आपल्याकडे मोठे सुळे फक्त नरांना येतात, तेथे बहुतेक माद्यांनाही असतात. सर्वांत गमतीचा फरक सोंडेच्या टोकाला आहे : आपल्या हत्तीच्या सोंडेला एकच बोट असते, त्याच्या सोंडेला दोन असतात, आणि त्या दोन बोटांच्या चिमटीत तो बाभळीची एकच शेंग उचलतो.

हे सर्व पाहायला अंबोसेलीसारखी जागा नाही. समोर ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो आणि त्याच्या पाण्यावर जमिनीखालून पोसलेली दलदल. दुपारी हत्ती पोटापर्यंत त्या दलदलीत उतरून हिरवी लव्हाळी उपटतात, आणि त्यांच्या पाठीवर आपल्या म्हशींच्या पाठीवर बसतात तसेच गायबगळे बसलेले असतात. हत्तींच्या अभ्यासक सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये तेथील हत्तींची एकेक कुटुंबे ओळखून नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि ते काम आजही चालू आहे. कळपाची प्रमुख वयस्कर मादी असते. पाणी कोठे मिळेल आणि संकट आले तर कोठे वळायचे, यासाठी सगळे कुटुंब तिच्या आठवणीवर भिस्त ठेवते.

प्रश्न : माझे वय ७१ आहे, पाठीचे दुखणे आहे. मला ही सहल झेपेल का? लशींचे काय करावे? (डोंबिवली)

उत्तर : चालावे फारसे लागत नाही, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर तासन्‌तास बसावे लागते. गाडीत मागच्या चाकावरची बैठक टाळून पुढची किंवा मधली घ्यावी, कमरेमागे लहान उशी ठेवावी, आणि परवडत असेल तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने माराला जावे. प्रवास तासाभराच्या आत होतो. त्या विमानांत सामान साधारण १५ किलोपर्यंतच आणि मऊ पिशवीत घेऊन जाता येते. उद्यानात वाटेल तेथे खाली उतरता येत नाही, म्हणून लघवीची तक्रार असल्यास चालकाला आधीच सांगावे. तो थांबे त्याप्रमाणे ठरवतो. पहाटे चांगलीच थंडी असते. गोरोंगोरोच्या कड्यावरील निवासस्थाने सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहेत, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी हवीच.

केनियातून परतताना पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचा दाखला नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, तिचा दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. मात्र साठीनंतर या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका, दुर्मीळ असला तरी, वाढतो. म्हणून सहलीचे पैसे भरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे आणि हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयीही त्याच वेळी विचारावे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. चिवडा, थेपले, मेतकूट पिशव्यांत भरून नेले तर चालेल का? (दुबईस्थित एक मराठी कुटुंब)

उत्तर : खाऊ न्यावा, प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नयेत. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून त्यांच्यावर बंदी आहे, आणि केनियाच्या संरक्षित क्षेत्रांत २०२० पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या न्याव्यात. तेथे जेवणाचे हाल होत नाहीत. चपाती आणि चाय हे शब्दसुद्धा स्वाहिलीत रुळलेले आहेत, आणि शाकाहारी असल्याचे आधी कळवले तर तंबूतही भाजी-डाळ मिळते. डबा गाडीत उघडताना खिडकी लावून घ्यावी, कारण बबून माकडे हातातून ओढून नेतात आणि एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागलेले माकड पुढे त्रासदायक ठरून बहुधा जिवाला मुकते. कपडे खाकी किंवा फिकट रंगाचे असावेत. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्सेत्से नावाच्या चावऱ्या माश्या ओढल्या जातात.

प्रश्न : आम्ही दरवर्षी ताडोब्याला जातो. तेथले पाहण्याचे कसब आफ्रिकेत उपयोगी पडते का? (चंद्रपूर)

उत्तर : सबुरी उपयोगी पडते, बाकीचे थोडे नव्याने शिकावे लागते. ताडोब्यात आपण कानांनी शोधतो. वानराचा खोकल्यासारखा इशारा, चितळाची हाक, सांबराचा ‘ढांक’ आवाज ऐकून वाघ कोणत्या बांबूच्या बेटात असेल याचा अंदाज बांधतो. सेरेंगेटी किंवा मारात नजर मैलोन्‌मैल जाते, तेव्हा तेथे डोळ्यांनी शोधायचे असते, आणि त्यासाठी प्रत्येकाच्या गळ्यात स्वतःची दुर्बीण हवी. आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची पुरते. चौघांत एक दुर्बीण फिरत राहिली की प्रत्येकाची पाळी येईपर्यंत प्राणी उठून गेलेला असतो. कॅमेऱ्यासाठी रिकामी कापडी पिशवी न्यावी, तेथे पोहोचल्यावर तीत तांदूळ भरावेत आणि गाडीच्या कडेवर ठेवून तिच्यावर भिंग टेकवावे. तिपाईपेक्षा हे बरे पडते. जाण्यापूर्वी सराव करायचा असेल तर इंदापूरजवळच्या कडबनवाडीच्या माळावर एखादी सकाळ चिंकारा शोधण्यात घालवावी; मोकळ्या माळावर प्राणी नजरेसमोर असूनही कसा दिसत नाही, ते तेथे कळते.

इशारे तेथेही असतात. गिधाडे घिरट्या घालत असतील तर ती नुसती शोधात असतात. पंख आवळून एकामागून एक खाली येऊ लागली तर तेथे मेलेला प्राणी आहे. माळावर सिंह कोठेच दिसत नसेल, तर जिराफ पाहावेत. उंचीमुळे त्यांना आपल्या आधी दिसते. तीन-चार जिराफ चरणे थांबवून, कान पुढे करून, एकाच झुडपाकडे टक लावून उभे असतील, तर चालकाला गाडी तेथेच उभी करायला सांगावी, इंजीन बंद करावे, आणि दुर्बीण त्या झुडपाच्या बुंध्यापाशी, सावलीच्या कडेला लावावी. शेपटीचा काळा गोंडा बहुधा तेथे हललेला दिसतो.